पेशी राखणारी पुजा

पुजा अकरावीला आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिचे वडील धर्मसिंग खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन दारात उभे होते. सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरून रोज हिंगोलीला येणं एसटीच्या भरवशावर जमेना, आणि आमची मागची खोली रिकामी होती. "लेकरू हुशार हाय, वैनी. तकलीफ देणार न्हाई," एवढंच ते बोलले. तकलीफ तिनं खरंच दिली नाही. प्रश्न मात्र फार विचारले.

माझं देवाचं सगळं सोवळ्यात. पहिल्या वर्षी मी तिला देवघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. ती बाहेर पुस्तक घेऊन बसायची आणि बघत राहायची. "काकू, नैवेद्याचा चमचा भाजीत काहून न्हाई घालत? बोलता बोलता ताट काहून न्हाई वाढत?" मी चिडायचे, पण सांगायचेही. पुढल्या वर्षी महालक्ष्म्यांचं पुरण तिनंच वाटलं.

आता ती हैदराबादला एका संशोधन संस्थेत आहे. मेंदूच्या गाठीवर कुठलं औषध लागू पडेल, ते तिथं शोधतात. नवं औषध एकदम माणसाला देता येत नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी कुणा पेशंटच्या गाठीतून काढलेल्या पेशी बाटल्यांत वाढवतात आणि आधी त्यांच्यावर बघतात. गुलाबी पाणी हे त्यांचं खाणं, अंगाच्या उबेइतकं उबदार कपाट हे त्यांचं घर. दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, दाटी झाली की दुसऱ्या बाटलीत वाटून घालायच्या. "म्हशीवानीच हाय, काकू. सणवार त्यायला कळत न्हाई."

त्या पेशंटचं नाव मी विचारलं होतं, देवापुढे घ्यावं म्हणून. ते तिथंही कुणाला ठाऊक नाही, पेशींना फक्त नंबर आहे. मग मी नंबरच घेते. देवाला कळत असेल.

तिचं सोवळं माझ्याहून कडक. हात स्पिरिटनं पुसून काचेच्या पेटीत घालायचे. एका प्रकारच्या पेशी बाहेर असताना दुसऱ्या प्रकारची बाटली उघडायची नाही. प्रत्येकीचं गुलाबी पाणी वेगळं. हे सगळं ती मला फोनवर सांगायची आणि मी शेजारच्या जनकाबाईंना, जणू मीच संशोधन करते अशा थाटात.

मागल्याच्या मागल्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी मी तिला चार वेळा फोन केला. "उद्या जेवायला तू पाहिजेस म्हणजे पाहिजेस." ती आली. सोळा भाज्या चिरल्या, रात्रभर जागली, तिसऱ्या दिवशी परत गेली.

त्यानंतर सोळा महिन्यांनी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, न कळवता दारात उभी. मी तीळ भाजत होते. तिनं पिशवीतून एक कागद काढला आणि ओट्यावर ठेवला.

"काकू, माह्या बाटलीतल्या पेशी मेंदूच्या न्हाईत."

"म्हंजे?"

"दुसऱ्याच हायेत. गर्भाशयाच्या गाठीच्या. आमच्याकडं त्याबी असतात. मेंदूच्या पेशी लांबट, फाटे फुटलेल्या दिसायच्या. ह्या चपट्या दिसू लागल्या, फरशीवानी. म्हून पेशींचे ठसे, बोटाच्या ठशावानी वळख पटवणारे, तपासाया पाठवले. त्याचा हा कागद."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महालक्ष्म्यांना येताना, त्या दिवशी गाडी गाठायची म्हणून तिनं दोन्ही पेशींना एकाच बाटलीतलं गुलाबी पाणी घातलं होतं. चुकून गर्भाशयाच्या पेशींचा एखादा थेंब त्या पाण्यातून मेंदूच्या बाटलीत गेला असेल. दुसऱ्या पेशी फार भराभरा वाढतात, शेतात हराळी वाढावी तशा. बघता बघता मेंदूच्या पेशी नाहीशा झाल्या, बाटलीवर नंबर तोच राहिला. सोळा महिने औषधाचे प्रयोग त्यांच्यावरच. औषध चांगलं चाललं म्हणून तिच्या मार्गदर्शक मॅडमनी लेख लिहिला, आठ दिवसांत तो छापायला जायचा होता. पुजाची पीएचडी त्यावरच.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मले आन् तुमाला."

मी पटकन बोलून गेले, "मग कशाला सांगतेस? चांगलं झालेलं काम..."

"काकू, तुमी म्हणून राहिला हे? उद्या ते औषध कुणाच्या डोक्याच्या गाठीला देतील."

तिळाचा जळका वास आला तेव्हा मी गॅस बंद केला.

सल्ला विचारायला ती आलीच नव्हती. फोन करताना शेजारी कुणीतरी बसलेलं हवं होतं. आईजवळ, रूपाबाईंजवळ, बसली असती तर त्या आधी रडल्या असत्या. ओट्याला टेकून तिनं मॅडमना फोन लावला. इंग्रजीत बोलली, मला थोडंच कळलं. चूक माझी आहे, हे मात्र कळलं, कारण ते तिनं तीनदा सांगितलं. मग तिनं ती चूक झाली त्या दिवसाची तारीख सांगितली.

"काय म्हणाल्या?"

"लेख थांबवला. काढून टाकत न्हाईत. म्हणल्या, त्या तारखेच्या आधी मेंदूच्या पेशी गोठवून ठेवलेल्या तीन नळ्या हायेत, त्या वितळवून उठव. उठल्या तर पुन्हा पयल्यापासून कर."

"आणि न उठल्या तर?"

"तर मंग मले दुसरं काही बघावं लागंल."

दुसऱ्या दिवशी तिळगूळ खाऊन ती गेली. मी रोज नंबर घेऊन जप करू लागले. यजमान म्हणाले, "हिंगोलीत नंबरचा जप करणारी तू पहिलीच." मी म्हटलं, हसा.

पहिली नळी उठलीच नाही. दुसरी चार दिवस तग धरून गेली. तिसऱ्या नळीचा फोन मात्र आठ दिवस आला नाही, आणि मीही केला नाही. नवव्या दिवशी मोबाइलवर एक फोटो आला. करड्या रंगावर पाच-सहा लांबट, फाटे फुटलेले ठिपके. पुन्हा ठसे तपासले, मेंदूच्याच निघाल्या. मी फोटो जनकाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "कोळी दिसतो." त्यांना काय समजावणार?

पुजाची पीएचडी दीड-दोन वर्षं लांबली. औषधाचं काय होईल ते अजून कुणाला माहीत नाही. तिथं नव्या मुली आल्या की पेशी राखायला मॅडम पुजालाच शिकवायला सांगतात, आणि पहिल्या दिवशी ती स्वतःची चूक सांगते. तारखेसकट, गाडी गाठायची घाई होती त्यासकट.

मी एकदा विचारलं, "काकूनं चार वेळा फोन केला म्हणून घाई झाली, हे सांगतेस की नाही?"

"ते कशाला?" ती म्हणाली. "बाटली म्या उघडली होती ना, काकू."