चौथ्या अक्षराची टाच

धोंडबा रामटेके यांनी आयुष्यभर लोकांची नावं दगडावर कोरली. नागपुरात इंदोऱ्याला त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या छपरीत त्यांचं काम. विहाराच्या पायरीवर दान देणाऱ्यांची नावं, शाळेच्या कोनशिलेवर पाहुण्यांची नावं, आणि माणूस गेला की त्याच्या स्मारकावर त्याचं नाव. सकाळपासून छिन्नीचा टकटक आवाज चालायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, आवाज थांबला तरच घड्याळाकडे लक्ष जातं.

आता तो आवाज बंद झाला आहे. मुलगा प्रीतम याने मशीन आणली. संगणकावर नाव टाकलं की मशीन वीस मिनिटांत ग्रॅनाइटवर ते उमटवते. धोंडबांचे हात थरथरतात, छातीत दगडाची धूळ बसली आहे. ते छपरीत खुर्ची टाकून बसतात आणि कधी कधी बोटाने मांडीवर काहीतरी काढत राहतात. अंजनाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते काय काढतात हे ठाऊक होतं. सात अक्षरं. वर दोन, खाली पाच.

ती अक्षरं त्यांना चौऱ्याऐंशी साली भेटली. धोंडबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. एक म्हातारा सायकलरिक्षातून उतरला, अंगात रेल्वेच्या गार्डाचा जुना कोट. त्याने आपलं नाव एलायजा झिराडकर सांगितलं. त्याची बहीण मिल्काबाई रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होती, ती वारली होती. भावाबहिणीची बोली मूळची कोकणातली, मराठीच. धर्माने ते ज्यू. शहरात त्यांच्या लोकांच्या कबरी सात-आठच होत्या, ख्रिस्ती कबरस्तानाच्या मागच्या कोपऱ्यात. एलायजाकाकांना बहिणीचं नाव मराठीत हवं होतं आणि वर-खाली त्यांच्या धर्माची अक्षरं. ती त्यांनी शाईच्या पेनाने एका कागदावर काढून आणली होती.

दोन दिवस काका छपरीत एका उलट्या खोक्यावर बसून होते. ते बहिणीबद्दल बोलायचे, धोंडबा कोरायचे. ती कणीक मळताना गाणं म्हणायची. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावल्याशिवाय पाणी प्यायची नाही. खवले नसलेला मासा तिने कधी घरात येऊ दिला नाही. ऐकता ऐकता धोंडबांना वाटू लागलं, की ही बाई आपण कधी पाहिली नाही, पण रस्त्यात दिसली तर ओळखू.

अक्षरं उजवीकडून डावीकडे जाणारी होती. हाताला ते पटेना. धोंडबांनी विचारलं, यांचा अर्थ काय? काका जरा ओशाळले. म्हणाले, "आमचे वडील सांगायचे, माणूस गेलं की एवढं लिहायचं. वाचायला मी कधी शिकलोच नाही बघ. जुन्या पुस्तकातून उतरवून आणलंय."

खालच्या ओळीतल्या चौथ्या अक्षराच्या कोपऱ्यात शाईचं एक टोक बाहेर आलेलं होतं. पेन अडखळलं असेल, असं समजून धोंडबांनी तो कोपरा छान गोल केला. गोलाईसाठी त्यांचा हात नावाजलेला होता. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी दगडावरून बोटं फिरवली आणि समाधानाने मान हलवली. वर्षभराने ते इस्रायलला पुतण्याकडे निघून गेल्याचं कळलं, मग काहीच कळलं नाही.

कोरलेलं काम धोंडबा विसरून जायचे. हजारो नावं हाताखालून गेली, एकही मनात राहिलं नाही. ही सात अक्षरं मात्र राहिली. कधी स्वप्नात यायची. एका लांबलचक अंगणात सात माणसं पाठमोरी बसलेली असायची. धोंडबा त्यांच्या मागून चालत जायचे, कोणी वळून बघेल म्हणून थांबायचे, पण कोणी वळायचं नाही. जाग यायची तेव्हा वाईट वाटायचं नाही, उलट कोणाच्या तरी घरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

मुलगी दीप्ती नर्सिंग शिकली आणि जर्मनीत नोकरीला गेली. गेल्या हिवाळ्यात तिने आईबापांना दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. अंजनाबाई तिकडे मजेत होत्या. धोंडबांना मात्र ते गाव झोपेत चालल्यासारखं वाटे. चार वाजता अंधारून यायचं, बर्फ आवाज न करता पडायचा, रस्त्यावरची माणसंही हळू बोलायची. एका सुट्टीच्या दिवशी बाहेर फार गारठा होता. अंजनाबाई घरीच राहिल्या. दीप्ती वडिलांना म्हणाली, जवळच एक म्युझियम आहे, ज्यू लोकांचं. आत ऊब असते, हळूहळू फिरू.

ज्यू म्हटल्यावर धोंडबांनी तिच्याकडे पाहिलं. मफलर गुंडाळला आणि निघाले.

आत शिरताच जमीन उतरती लागली. भिंती उंच आणि राखाडी, आणि वरच्या एका फटीतून येणारा उजेड पाण्यासारखा हलका. अंबाझरी तलावाच्या तळाशी उतरून चालावं तसे ते चालत होते. काचेमागे वस्तू होत्या: एका बाईचं शिवणयंत्र, शुक्रवारचे दोन दिवे ठेवायच्या पितळी समया, लहान मुलाचा एकच बूट. दीप्ती पाट्या वाचून हळू आवाजात सांगत होती. हा शिंपी होता, ही शिक्षिका, हे कुटुंब बेकरीवालं. एका वर्षापर्यंत ते होते, पुढच्या वर्षी नव्हते.

एका काचेमागे बागेतल्या बाकावरची पाटी होती. ज्यूंनी या बाकावर बसू नये, असं त्यावर लिहिलंय, दीप्तीने सांगितलं. धोंडबा तिथे बराच वेळ उभे राहिले. अक्षर सुरेख होतं. ओळ सरळ, दोन अक्षरांतलं अंतर मोजून घेतलेलं, कडांना बारीक रेघ ओढलेली. कोणीतरी मन लावून हे काम केलं होतं, आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जेवायला गेला असेल. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी विहिरीवर पाटी नव्हती. पाटीची गरजच नव्हती. त्यांच्या वडिलांना कुठे थांबायचं ते माहीत होतं. तिथून ते शहरात आले, छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, आणि पुढच्या वर्षी धोंडबांचा जन्म झाला. वडील ती विहीर क्वचित बोलून दाखवायचे. पाटीसमोर उभं राहून धोंडबांना पहिल्यांदाच आपल्या धंद्याची भीती वाटली.

पुढच्या खोलीत भिंतभर नावं होती. किती माणसं गेली, असं त्यांनी विचारलं. साठ लाख, दीप्ती म्हणाली. धोंडबा मनात हिशेब करू लागले. हात चांगला असताना ते दिवसाला दहा नावं कोरायचे. एका माणसाने रोज दहा कोरली, सुट्टी न घेता, तर सोळाशे वर्षं लागतील. त्यांना दिसू लागलं, की कोणी एक म्हातारा सोळाशे वर्षं छपरीत बसला आहे, टकटक चालू आहे, पावसाळे येतात जातात, आणि दगड संपत नाहीत. दीप्तीने त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाकावर बसवलं. पाणी दिलं.

थोड्या वेळाने ते उठले ते स्वतःच एका दाराकडे गेले. त्या खोलीत जुन्या कबरींचे दगड उभे करून ठेवले होते, पाडून टाकलेल्या दफनभूमींतून आणलेले. वरून मंद दिवा होता. एका दगडाच्या माथ्यावर दोन आणि तळाशी पाच अक्षरं होती.

धोंडबा गुडघ्यांवर बसले. पाठमोऱ्या माणसांनी एकाएकी तोंडं फिरवावीत तसं त्यांना झालं. बोट आपोआप पुढे गेलं आणि पहिल्या अक्षराच्या खाचेत शिरलं. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं. तिथे देखरेख करणारी एक पांढऱ्या केसांची बाई होती; हात लावू नका, असं ती सांगत होती. दीप्तीने माफी मागितली आणि काय झालं म्हणून वडिलांना विचारलं.

"हे म्या कोरलं व्हतं," धोंडबा म्हणाले. "नागपूरले. इले पूस, यात काय लिवलं आहे."

दीप्तीने जमेल तसं समजावून सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आपली खुर्ची ओढून धोंडबांना बसायला दिली आणि अक्षरांवरून हवेतच बोट फिरवत सावकाश सांगितलं, दीप्ती ते मराठीत करत गेली. ही पाच अक्षरं म्हणजे पाच शब्दांची सुरुवात. तिचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो, असा त्यांचा अर्थ. वरची दोन म्हणजे, इथे विसावली आहे.

गाठोडं हा शब्द धोंडबांना फार जवळचा वाटला. त्यांनी तो दोनदा पुटपुटला. मग आपण कोरलेली अक्षरं दाखवावीत म्हणून कागद मागितला. हात थरथरत होता, तरी सातही अक्षरं उतरली, उजवीकडून डावीकडे. बाई कौतुकाने बघत होत्या. खालच्या ओळीत चौथ्या अक्षरावर त्यांची नजर थबकली. धोंडबांनी समोरच्या दगडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि त्यांना स्वतःलाच दिसलं. दगडावरच्या अक्षराला खाली उजवीकडे एक छोटीशी टाच होती, भिंतीच्या पायासारखी बाहेर आलेली. त्यांच्या अक्षराला ती नव्हती. त्यांचं अक्षर छान गोल होतं.

बाईंनी लगेच सांगितलं, की टाच नसली तर ते दुसरं अक्षर होतं खरं, पण वाचणाऱ्याला समजतं, अशा चुका पुष्कळ दगडांवर असतात. धोंडबांनी मान डोलावली. चाळीस वर्षं मिल्काबाईंचं गाठोडं सुटं आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. पुढचे दिवस ते बर्फ बघत खिडकीशी बसायचे आणि मांडीवर अक्षर काढायचे, आता टाचेसकट.

नागपूरला परतल्यावर त्यांनी प्रीतमकडून आपली जुनी छिन्नी-हातोडी मागून घेतली. पण जावं की नाही याचा निकाल होईना. मिल्काबाईंचं माणूस इथे कोणी राहिलं नव्हतं. परक्याच्या कबरीला न विचारता लोखंड लावायचं कसं? दोन-तीन दिवस ते अंजनाबाईंसमोर हेच बोलत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "चूक तुमची व्हय. मंग दुरुस्त कराले कोनाले पुसून राहिले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेले. कबरस्तानाची राखण करणाऱ्या शोभाताईंनी कुलूप उघडलं. त्या कोपऱ्यात कित्येक वर्षांत कोणी आलेलं त्यांना आठवत नव्हतं. गाजरगवत कंबरेएवढं वाढलं होतं. कडुनिंबाची पिवळी पानं संथपणे गळत होती आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज तिथपर्यंत येता येता मऊ होत होता. पाचवा दगड मिल्काबाईंचा निघाला. एका बाजूला कलला होता, पण नाव शाबूत होतं. धोंडबांनी तांब्यातलं पाणी ओतून अक्षरं धुतली. चौथं अक्षर ओल्या दगडात चमकलं. गोल, देखणं आणि चुकलेलं.

त्यांनी छिन्नी लावली. हात थांबेना. टोक दगडावर नाचू लागलं. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग छिन्नी खाली ठेवून ते नुसते बसून राहिले.

अंजनाबाई पदर खोचून शेजारी बसल्या. लग्न झालं त्या सुरुवातीच्या वर्षांत मोठा दगड असला की त्याच छिन्नी धरायच्या. मुलं झाल्यावर ते सुटलं होतं. त्यांनी छिन्नी उचलली, धोंडबांनी गेरूने काढलेल्या खुणेवर टेकवली आणि दोन्ही हातांनी गच्च धरली.

"सोडू नको वं," धोंडबा म्हणाले.

"तुमी मारा," त्या म्हणाल्या.

हातोडी थरथरतच उठली, पण पडली ती नेमकी. सात-आठ ठोके. बारीक भुकटी उडाली, धोंडबांना खोकला आला, तो सरेपर्यंत अंजनाबाई तशाच धरून राहिल्या. मग आणखी दोन ठोके. भुकटी फुंकल्यावर अक्षराला टाच आली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. नवी खाच बाकीच्या दगडापेक्षा उजळ दिसत होती. अंजनाबाईंनी विचारलं, की आता हे काय म्हणते, ते वाचून दाखवा. धोंडबांनी उजवीकडून बोट फिरवत वाचून दाखवलं. गाठोडं हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

घरी येताना रिक्षात धोंडबांना झोप लागली. अंजनाबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून ते इंदोऱ्यापर्यंत झोपले. कबरस्तानात कोणीतरी कणीक मळत गात होतं, असं जागं झाल्यावर त्यांनी सांगितलं. अंजनाबाईंनी ते खोटं ठरवलं नाही.

आता महिन्यातून एकदा ती दोघं तिकडे जातात. शोभाताई चहा देतात. बाकीच्या दगडांवरचं शेवाळ धोंडबा नारळाच्या काथ्याने घासून काढतात. त्यांवरची अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, हे त्यांना आवडेनासं झालं, तेव्हा त्यांनी दीप्तीला फोनवर सांगितलं, की मले पुरी बाराखडी पाठव. ती दर रविवारी एक अक्षर पाठवते, ते कसं म्हणायचं हेही सांगते. सुरुवातीलाच तिने सांगितलं, की पहिल्या अक्षराला स्वतःचा आवाज नसतो. धोंडबांना नवल वाटलं. त्यांनी ते अक्षर खडूने छपरीच्या फरशीवर मोठं करून काढलं, आणि जेवायची हाक येईपर्यंत त्याच्यासमोर गप्प बसून राहिले.