गजकर्ण आणि आमचा मुकटा

गेल्या वर्षी माझ्या कमरेला गजकर्ण झालं. रुपयाएवढा लाल, वाटोळा डाग आणि खाज अशी, की कोर्टात युक्तिवाद करताना माझा एक हात कायम कोटाच्या आत. समोरच्या वकिलाला वाटायचं, मी तिथं एखादा कागद दडवलाय.

महिन्याभरात तसंच धाकट्या भावाला झालं, मग त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने ते चार दिवस गप्प बसलं आणि नंतर दुप्पट जोमाने पसरलं.

आता आरोपी हवा. आमच्या विद्यानगरच्या घरात तो आयताच होता: माझ्या दहा वर्षांच्या मुलीने पाळलेलं मांजराचं पिल्लू. मांजरापासून बुरशी लागते असं कुठंतरी वाचलं होतं, तेवढा पुरावा मला पुरला.

"अप्पा, ते दिवसभर माझ्याच मांडीवर असतं. मला कुठं काय झालंय?" मुलगी म्हणाली.

"मोठ्यांच्या मधे बोलू नये," मी म्हणालो आणि पिल्लू टोपलीत घालून रायापूरला आतेभावाकडे सोडून आलो. मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. माझ्याशी तर त्यानंतर बोलेनाच.

पिल्लू गेलं, खाज राहिली. शेवटी आम्ही तिघं त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीन कमरा पाहिल्या आणि चष्म्यावरून विचारलं, "काय वकीलसाहेब, तिघांना एकाच जागी? एकच कापड नेसता की काय?"

नेसत होतो! पूजेचा रेशमी मुकटा. घरात तो एकच. ज्याची पाळी, त्याने आंघोळ करून ओल्या अंगाने कमरेला गुंडाळायचा आणि आरती झाली की परत खुंटीवर. धुण्याचा प्रश्नच नव्हता. रेशीम मुळातच शुद्ध, अशी आमची पक्की समजूत. म्हणजे बुरशी रोज पूजेला हजर होती, तीही सोवळ्यात. डॉक्टर हसले, भाऊ हसला, पुतण्या तर खिंकाळलाच. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोळ्या घेऊन घरी आलो आणि मुलीला म्हणालो, "चल, पिल्लू आणूया. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण त्याला बोलता कुठं येतं?"

चप्पल घालता घालता ती थांबली.

"त्याला येत नव्हतं, अप्पा. मला येत होतं."