डब्याची सीट

वसुधा वानखडे बसमध्ये कायम दोन जागा धरायच्या. एक स्वतःला आणि एक लसींच्या निळ्या डब्याला. डब्याची जागा डावीकडची, कारण पिंजौरच्या वाटेवर सकाळचं ऊन उजवीकडून येतं.

काकू मूळच्या अमरावतीच्या. नवरा हवाई दलात, त्याची बदली झाली तशा त्या चंडीगडला आल्या आणि आमच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागल्या. दर बुधवारी जवळच्या पिंजौर गावी जाऊन मुलांना पोलिओचे डोस पाजायचे, हे काम त्यांनी मागून घेतलं होतं. मी तिथे फ्रिज सांभाळणारा नवा इंजिनिअर.

१९८७ चा मे महिना. पंजाबात दहशतवादाचे, बॉम्बस्फोटांचे दिवस; बंद आणि कर्फ्यूमुळे दोन बुधवार हुकले होते. "तिसऱ्यांदा गेलो नाही तर बायका परत येणार नाहीत," काकू म्हणाल्या. डब्याचा पारा आठ अंशांवर गेला की लस वाया. सारखं झाकण उघडायला नको म्हणून मी डब्यात तारेचा थर्मामीटर बसवला. तार झाकणातून बाहेर, टोकाला काट्याची तबकडी. मला फार अभिमान वाटत होता.

स्टँडवर मी तिकिटांच्या रांगेत होतो. काकूंनी डबा बाकाखाली सावलीत ठेवला आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावल्या. दोनच मिनिटं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "डब्बा! घड़ी लगी है! तार भी है!"

फलाट रिकामा झाला. हवालदार मक्खनसिंगने वाळूच्या गोण्या आणायला माणसं पिटाळली. सावली सरकली, डब्यावर ऊन आलं. काटा सहावर होता, आणि बॉम्ब निकामी करणारं पथक तासाभराने येणार होतं.

काकू गर्दीतून घुसल्या आणि सरळ डब्यावर जाऊन बसल्या.

"सिस्टरजी, उठो! मरोगे!" मक्खनसिंग लांबूनच ओरडला.

"बाप्पा रे, बम पर कोई बैठता है क्या?"

"तार किसने लगाया?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. एवढे डोळे एकदम माझ्यावर कधीच रोखले गेले नव्हते.

"इंजिनिअर है," काकू म्हणाल्या, "नया है. माफ करो."

मक्खनसिंग चार पावलं पुढे आला. "खोलो."

"खोलूँगी तो दवा गरम होगी. आपके बच्चे हैं?"

"दो हैं जी."

"उनको पोलियो की दवा पिलाई?"

"आप ही के हॉस्पिटल में."

"तो ऐसे ही डब्बे से निकली होगी. हाथ लगाओ. बम ठंडा होता है क्या?"

त्याने डब्याला तळवा लावला, मग हसू दाबत म्हणाला, "एक बार तो खोलना पड़ेगा जी. नौकरी है."

काकूंनी झाकण उचललं, तीनपर्यंत आकडे मोजले, लावलं. बर्फ आणि बाटल्या बघून फलाट परत भरला. काटा सातवर गेला.

पण पुढे पोलिसांचे चार नाके होते. प्रत्येक ठिकाणी तार बघून झाकण उघडलं असतं तर पिंजौरला नुसतं कोमट पाणी पोचलं असतं. हे मी मक्खनसिंगला आकडे मांडून समजावू लागलो, तसा तो म्हणाला, "तू चुप कर यार." साहेबांना विचारून आला आणि बसमध्ये चढला. मी उठून त्याला जागा दिली, कारण डब्याच्या सीटवर कोणालाही बसायची परवानगी नव्हती. प्रत्येक नाक्यावर तो खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "मैंने देखा है! बर्फ है! जाने दो!"

पिंजौरला उतरलो तेव्हा काटा साडेसातवर होता. पिंपळाखाली एक्केचाळीस मुलं, कंटाळलेल्या आया. पहिलं पोर डोसाला नाही, मक्खनसिंगच्या मिशांना बघून रडलं.

त्या संध्याकाळी मी डब्यावर तबकडीशेजारी लाल क्रॉस आणि 'पोलिओ की दवा' असं मोठ्या अक्षरांत रंगवलं. काकू म्हणाल्या, "आता कसं, माणसात आलं यंत्र."

पुढच्या बुधवारी रुमाल टाकायची वेळ आली नाही. डावीकडच्या दोन सीटांवर पोलिसी दंडा आडवा ठेवलेला होता, आणि खाली उभा मक्खनसिंग म्हणत होता, "आओ जी. डब्बे की सीट रखी है."