होणाऱ्या व्याह्यांची कादंबरी

कादंबरी आवडली नाही तर लोक ती मुकाट्यानं वाचनालयात परत करतात. मला ते कधी जमलं नाही. आधी घरच्यांना ऐकवायचं, मग शेजारणीला, आणि शेवटी वाचनालयातल्या त्या गरीब माणसाला, ज्याचा त्यात काडीचा दोष नसे. "बाई, मी नुसता शिक्का मारतो वो," असं तो हात जोडून म्हणायचा. शाहूपुरीत माझं सासर, मंगळवार पेठेत माहेर, आणि वाचनालय दोन्हींच्या मधे. नवऱ्यानं लग्नानंतर वर्षभरातच माझ्या मतांपुढं कान बंद करून घेतले होते. त्यामुळे खरा भडिमार माहेरी.

चंद्रावर माणूस जाऊन आला, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा प्रेमाच्या कादंबऱ्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. नायक कायम उंच. त्याला मोटार असायचीच. तो पोटासाठी नक्की काय करतो हे शेवटच्या पानापर्यंत कळायचं नाही, पण महाबळेश्वरला जायला त्याला हवी तेवढी रजा मिळायची. नायिका गरीब, आणि तरी रोज नवी साडी! त्या साड्या धुतं कोण, वाळत घालतं कोण, काही पत्ता नाही. त्याला बघितलं की तिच्या पापण्या थरथरायच्या. अहो, आमच्या गल्लीत कुणाच्या पापण्या अशा थरथरल्या असत्या तर डोळे आलेत म्हणून दवाखान्यात नेलं असतं. आणि ते गैरसमज! एक चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली की दोघं शंभर पानं एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या कोल्हापुरात हे चालायचंच नाही. इथं कुणीतरी वाटेत गाठून विचारणार, "काय रं, तोंड का पाडलंयस? काय झालं बोल की!" आणि कादंबरी विसाव्या पानावर खलास. लेखकांनी थोडे दिवस इथं येऊन राहायला हवं होतं, कागद तरी वाचला असता.

प्रेमाला वैतागून मी विज्ञानकथांकडे वळले. म्हटलं, इथं तरी डोकं वापरलं असेल. दिवाळी अंकांत त्या तेव्हा जोरात येऊ लागल्या होत्या. पहिलीच वाचली ती पाचशे वर्षांनंतरची. यान मंगळाकडं निघालेलं, आत सहा शास्त्रज्ञ, आणि त्यांत एक बाई. मला केवढा आनंद झाला! दुसऱ्या पानावर ती बाई उठली आणि तिनं सगळ्यांसाठी कॉफी केली. पाचशे वर्षांनी! मंगळाच्या वाटेवर! वजन संपलं, माणसं तरंगायला लागली, पण बाईच्या हातातली किटली काही सुटली नाही. पुढं यान बिघडलं तेव्हा पाच जणांनी ते दुरुस्त केलं आणि बाई किंचाळली. शास्त्रज्ञ म्हणून नेलं आणि काम दिलं किंचाळायचं! मी तो अंक माहेरच्या सोप्यात आपटला.

"काय झालं गं?" आई आतून म्हणाली.

"मंगळावरबी आपल्यालाच चहा करायचाय, आई."

"मग कोण करणार?" असं म्हणून आई परत भाकरी थापायला लागली. पुस्तकांबद्दल तिचं-माझं बोलणं एवढंच व्हायचं.

अशात माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ सांगून आलं. ती बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. सव्वीस वय, म्हणजे तेव्हाच्या मानानं घोडनवरीच. आधीची स्थळं कुठं नोकरीवरून, कुठं चष्म्यावरून मोडली होती. आप्पा, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात मराठीचे मास्तर. हिच्या काळजीनं त्यांचं जेवण तुटलं होतं. आणि हे स्थळ आलं ते अगदी देवानं धाडल्यासारखं. मुलगा वारणानगरकडं साखर कारखान्यात केमिस्ट, दिसायला बरा. मुलाच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं, "हुंडा नको, मानपान नको. विचार जुळले की झालं." आप्पांचे डोळे भरून आले.

मग त्या गृहस्थांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतः लिहिलेली आणि स्वतःच छापून घेतलेली प्रेमकथा. त्यावर एक दिवाळी अंक ठेवला, त्यात मुलाची विज्ञानकथा. "सगळ्यांनी वाचा, मोकळेपणानं अभिप्राय द्या. पुढच्या रविवारी येतो. बोलू आणि लगेच सुपारी फोडू." मुलगी बघायला आल्यावर तिला गाणं म्हणायला लावतात, चालून दाखवायला लावतात, हे ठाऊक होतं. मुलीकडच्या सगळ्या घराला कादंबरी वाचायला लावलेली मी पहिल्यांदाच बघत होते. अर्थात दोनच दिवसांत ती पुस्तकं मी शाहूपुरीला पळवली.

वाचता वाचता माझं डोकं फिरलं. नायिका कॉलेजात पहिली येणारी, नायक उंच, इथवर ठीक. चाळिसाव्या पानावर लग्न झालं, आणि प्रेमकथा जी वळली ती थेट सासऱ्यांकडं! सासरे थोर. सासऱ्यांना पहाटे चारला गरम पाणी लागतं. सून नोकरीचा कागद आपल्या हातानं बंबात घालते, आणि हसते. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर जेवते, आणि हसते. अंगात ताप असून कुणाला कळू देत नाही, आणि हसते! दर प्रकरणाच्या शेवटी बाई हसलेली. ते हसू बघून सासरे डोळे पुसतात आणि म्हणतात, घरात लक्ष्मी आली. लक्ष्मी कसली, बिनपगारी मोलकरीण.

चिरंजीवांची कथा त्याच्यावर कडी. एक शास्त्रज्ञ यंत्राची बायको बनवतो. ती रांधते, धुते, बटणं शिवते, उलटून बोलत नाही. फार बोलायला लागलीच तर कानामागं एक कळ आहे, ती दाबायची. पहिल्या यंत्रात म्हणे एक दोष राहिला होता. ते प्रश्न विचारायचं. दुसऱ्यात शास्त्रज्ञानं तो काढून टाकला आणि मग तो सुखी झाला. गोष्ट संपली. म्हणजे बापानं सून लिहिली होती आणि पोरानं बायको, आणि दोघांना ती आमच्या घरातून न्यायची होती. दोन्ही पुस्तकं काखेत मारून मी तडक माहेर गाठलं.

"आप्पा, ही कादंबरी न्हाई, ही घरची नियमावली हाय! हिला नोकरी सोडायला लावतील. चारला उठवतील."

"गोष्ट ती गोष्ट," आप्पा म्हणाले. "पुस्तकावरनं माणसं ठरवत्यात व्हय? हुंडा मागणारी परवडली, का कादंबरी लिहिणारी?"

"तुम्ही वाचली का?"

"प्रस्तावना वाचली. शेवटचं पान वाचलं. भाषा उत्तम हाय."

धडा न वाचता वर्गात आलेल्या पोरांना छड्या मारणारा हा माणूस! मी पुस्तकं तिथंच कपाटावर टाकली आणि बहिणीला परसात ओढलं. म्हटलं, हिला आधी वाचायला लावू. पण ती म्हणाली, "आक्का, तुझ्याआधी मी वाचलंय. तो अंक तर दोनदा."

"मग?"

"मग काय? भ्या वाटायलंय मला." तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. "मला शाळा सोडायची न्हाई. पण आप्पांचं तोंड बघितलंस? त्यांना नको म्हणायचा धीर न्हाई माझ्यात. कुणीतरी म्हणायला पायजे."

"मी म्हणते की!" मी उसळून बोलले.

"तुझ्या नकोला काय किंमत हाय गं? तू जगातल्या सगळ्या पुस्तकांना नकोच म्हणतीस. रविवारी तू तोंड उघडलंस की सगळी म्हणतील, हिला कधी काय आवडलंय!"

थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. इतकी वर्षं मी जी पानंच्या पानं झोडपत आले, त्याचं हे फळ. आणि ती म्हणत होती ते खरंच होतं.

रविवारी पाहुणे आले. कादंबरीकार, त्यांच्या पत्नी आणि मुलगा. आप्पांनी मला आधीच बजावलं होतं, "तू नुसत्या बशा फिरव." मी ओठ घट्ट मिटून बशा फिरवल्या. बहीण खाली बघून कोपऱ्यात बसली होती. सुपारीचं तबक मधोमध मांडलेलं, शेजारी मुलाचा दिवाळी अंक.

पाहुण्यांसमोर आप्पा पुस्तकी बोलायला लागत. "काय भाषा! काय प्रसंग! वाचताना डोळ्यांत पाणी उभं राहिलं."

"कुठल्या प्रसंगी?" कादंबरीकार पुढं सरकून म्हणाले.

"शेवटी. अगदी शेवटी."

"बघा! तो शेवट लिहिताना मी स्वतः रडलो होतो." त्यांच्या पत्नीनं चहाची कपबशी त्यांच्या हातात दिली. बाई आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"आणि माझी कथा?" मुलानं बहिणीला विचारलं. "कल्पना नवीन आहे की नाही?"

"चांगली आहे," बहीण म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू येईना. मी तोंड उघडणार एवढ्यात आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी चिवड्याची बशी आपटली, शेंगदाणे पाहुण्यांच्या मांडीवर उडाले, आणि मी गप्प बसले. असा जळफळाट उभ्या जन्मात झाला नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत पोरगी चालली होती, तीही एका टुकार पुस्तकावरून, आणि ते टुकार आहे हे सांगायची मलाच बंदी!

कादंबरीकार भलतेच खुशीत आले. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, तिच्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कुठला वाचायला वेळ मिळणार म्हणा. मुलींनी सांगितली असेल गोष्ट."

"वाचली की," आई म्हणाली.

आम्ही सगळ्यांनीच माना वळवल्या.

"सगळी?"

"सगळी. दुपारची भांडी झाली की वाचत हुते. ह्या पोराचंबी वाचलं."

"मग? कशी वाटली कादंबरी?"

"लई खरी लिवलीसा."

"ऐकलंत मास्तर?" कादंबरीकारांनी मांडीवर थाप मारली. "साध्या वाचकाची ही दाद! याहून मोठं बक्षीस नाही लेखकाला!"

मला आईचा भयंकर राग आला. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. पदराला हात पुसत ती सावकाश सांगत होती. "चारचं पाणी तापवायचं, त्ये खरं हाय. उरलं तर खायाचं, त्येबी खरं. ताप आला तर सांगायचं न्हाई, व्हय, तसंच असतंय. तिचा कागद बंबात गेला. माझा फायनलचा दाखला सासूबाईंनी चुलीत घातला. मास्तरीण हुणार हुते मी. म्हंजे त्येबी तुम्ही खरंच लिवलंय."

आई सातवीची फायनल परीक्षा पास होती, आणि त्या काळात तेवढ्यावर शाळेत नोकरी लागायची, हे आम्हा दोघी बहिणींना त्या दिवशी कळलं.

"फकस्त एक न्हाई कळलं," आई म्हणाली. "ती हसतीया कशाला?"

कादंबरीकारांनी घसा खाकरला. "वहिनी, त्यागात आनंद असतो. स्त्रीच्या हृदयाला तो..."

"असतोय?" आईनं अगदी मनापासून विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "मग मला कसा न्हाई गावला वो, एवढी वरसं? सगळं तर तसंच केलं." ती बहिणीकडं बघायला लागली. "हिलाबी न्हाई गावायचा. ही माझ्यावरच गेलीया. हिला न्हाई जमायचं तुमच्यात हसायला."

मुलानं खाली मान घालून अंक गुंडाळायला घेतला. त्याच्या आईनं आमच्या आईकडं एकदा बघितलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. बहीण चष्म्याच्या आतून घळाघळा रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचतही नव्हतं. आप्पा आईकडं बघतच राहिले. मग त्यांनी हात पुढं केला आणि सुपारीचं तबक आपल्याकडं ओढून घेतलं.

"आम्ही कळवतो," ते म्हणाले.

हे वाक्य मुलाकडच्यांचं. ज्या ज्या स्थळानं नाही म्हटलं, ते आमच्या उंबऱ्यावर हेच म्हणून गेलं होतं. मुलीच्या बापाच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. कादंबरीकार उठले, टोपी घातली, आणि दारातून परत येऊन म्हणाले, "पुस्तक तेवढं द्या." आईनंच आतून आणून दिलं.

पाहुणे गेले. बहीण मोरीवर जाऊन तोंड धुऊन आली. आप्पा तसेच तबकापुढं बसून होते. आई बशा गोळा करत होती.

"अगं ए," आप्पा म्हणाले. "एकदाबी हसली न्हाईस?"

आई बशा हातात घेऊन उभी राहिली. तिनं खरोखर आठवून बघितलं.

"हसले की. तुम्ही पोरींस्नी घिऊन नरसोबाच्या वाडीला गेलतासा, तवा."

"तवा तू कुठं आलतीस?"

"मी कशाला यीन? मी घरातच हुते. उन्हं वर येईस्तोवर झोपले. उठून बगितलं तर घरात कोण न्हाई. मग हसले."