गुडघ्यातला पू आणि माझी अर्धी डॉक्टरकी

मूर्खपणा आधी कबूल करते. गुडघ्यात इंजेक्शन घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तो सुजला, तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला नाही; आंबेहळदीचा गरम लेप लावला. अंगात ताप होता, म्हणून पुण्याहून आणलेल्या पिशवीतली गोळी घेतली. सुनेचा, मेघनाचा, नव्या नोकरीतला पहिलाच आठवडा. तिला कशाला रजा घ्यायला लावा?

तरुणपणी आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा पाय मुरगळला की मी लेपाची पळी घेऊन हजर. पदवी मराठीची, रुबाब सर्जनचा. तीच भवानी सत्तरी उलटल्यावर इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला माझ्या गुडघ्याशी येऊन बसली.

पुढचे दोन दिवस मी तरंगत होते. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि वाटे, ते माझ्या गुडघ्यावरच पडतंय, वाफ होऊन जातंय. गोळीने ताप उतरे, मेघना कपाळाला हात लावून कामाला जाई. मग खोली हळूहळू पुन्हा पाण्यात बुडे.

तिसऱ्या सकाळी पाय टेकवेना. बाथरूमच्या दारात बसूनच मेघनाला हाक मारली.

इमर्जन्सीत डॉक्टरीणबाईंनी सुईने सांध्यातलं पाणी काढलं. ताकासारखं गढूळ. "सेप्टिक आर्थ्रायटिस," त्या म्हणाल्या. म्हणजे सांध्यात जंतू शिरून पू होणं. इंजेक्शननंतर हे क्वचित होतं; पण झालं तर सांधा काही दिवसांत खराब होतो, आणि जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं.

"आजच ऑपरेशन करून धुवायला हवा. गुडघा पूर्वीसारखा होईल, असं वचन मी देणार नाही."

भुलीत दिसलं, कुणीतरी माझा गुडघा तांदूळ धुवावेत तसा विसळतंय. पांढरं पाणी ओतून देतंय, नवं घेतंय. घाई कसलीच नाही. जागी झाले तेव्हा दुखत होतं, पण आग गेली होती.

नंतर कित्येक आठवडे दंडातल्या नळीतून अँटिबायोटिक. घरून काम करत, मीटिंग म्यूट करून मेघनाच ते लावायची. आता वॉकरशिवाय चालते. मांडी मात्र घालता येत नाही.

इंजेक्शननंतर एखादा दिवस ठणकेल. पण सांधा तापला, सुजला, अंगात कणकण आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. तापाची गोळी घेतली असेल तर तेही सांगा. माझ्या गोळ्यांनी ताप झाकला, जंतू आत मजेत होते.

नळी काढली त्या दिवशी मी मेघनाला म्हटलं, "तुझ्या नोकरीपायी गप्प बसले गं."

ती दंडावरची चिकटपट्टी नीट दाबत म्हणाली, "आई, यापुढे काहीही झालं तरी आधी मला हाक मारा. मी चिडेन, बडबड करेन, पण गाडी काढेन."