सासूबाईंचं इटालियन

सासूबाई नागपूरच्या, मी पुण्याची. अमेरिकेतल्या कॅरी नावाच्या गावात, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या अदबीने वागायचो, की जीव नकोसा व्हायचा. "चहा घेणार का?" "तुला त्रास नसेल तर." नवरा सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला, की घरात हीटरचा काय तो आवाज. मला गाडी चालवता येत नव्हती आणि सातवा महिना सुरू होता.

माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला, म्हणून सासूबाई आल्या होत्या. पण लवकरच त्या कंटाळल्या. त्यात बाल्कनीत साडी वाळत घातली म्हणून अपार्टमेंटच्या ऑफिसातला माणूस येऊन नियम ऐकवून गेला. त्या रात्री जेवताना सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं कर बाप्पा. इथं साडीला ऊन दाखवायचीही परवानगी लागते."

"एअरलाइनला कॉल करतो," नवरा म्हणाला.

मी भात कालवत बसले. त्या गेल्या असत्या तर बाळंतपणात मी एकटी पडले असते, आणि थांबा म्हणायला जीभ रेटेना. पुण्याचा ताठा म्हणा हवं तर. मी घाबरले होते, हे खरं.

शनिवारी नवऱ्याने आम्हाला लायब्ररीत नेलं. तिथे सिनेमे फुकट मिळायचे. सासूबाईंनी एक डीव्हीडी उचलली. कव्हरवर गल्लीच्या आरपार दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले होते. "हा घे," त्या म्हणाल्या, "इथं माणसं राहतात." निघाला जुना ब्लॅक अँड व्हाइट इटालियन विनोदी सिनेमा.

सोमवारी दुपारी तो लावला. सबटायटल इंग्रजीत, म्हणून मी मराठीत सांगू लागले. गोष्ट सोपी होती. दक्षिणेकडचं एक बिऱ्हाड उत्तरेतल्या मोठ्या शहरात भाड्याने राहायला येतं. घरमालकीण तिथली, जिन्यात सूचना चिकटवणारी, दुपारी कुणी शिंकलं तरी दार उघडून बघणारी. बिऱ्हाडातली म्हातारी टोमॅटोच्या टोपल्या घेऊन येते आणि जिन्यातच गप्पा ठोकते.

थोड्याच वेळात सासूबाईंनी मला थांबवलं. "हे सगळे पुण्याचेच आहेत काय? ती म्हातारी हात पाहा कशी फिरवून राहिली. ती 'कृपया' म्हणेल काय?" मग ठरलं, मी अर्थ सांगायचा, म्हातारीचं त्या बोलणार, मालकिणीचं मी.

"काऊन वो बाई, जिना काय तुमच्या बापाचा आहे?" सासूबाई टीव्हीसमोर कडाडल्या.

"आपला आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो आहे," मी मालकिणीच्या वतीने म्हणाले, आणि त्यासाठी मला अभिनय करावा लागला नाही. सासूबाई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या.

सिनेमा कुणालाच सोडत नव्हता. मालकीण कद्रू, तर म्हातारी बढाईखोर. एकाच देशातल्या त्या दोघी एकमेकींना परक्या समजत होत्या आणि शहराला दोघींचंही काही पडलेलं नव्हतं. आमचं तरी काय वेगळं होतं? नागपूर-पुण्याची खुन्नस आम्ही सातासमुद्रापार जपून आणली होती. ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलून टाकली. फार बरं वाटलं.

शेवटाकडे मालकीण आजारी पडते आणि म्हातारी तिला सूप भरवते. मालकीण चमचा बाजूला सारून विचारते, तिचं मी बोलले, "तुम्ही गावी परत कधी जाणार?" मग म्हातारीच्या उत्तराचा अर्थ सांगितला, "ती म्हणते, उद्या सकाळच्या गाडीने."

पडद्यावर म्हातारीचे ओठ हलून थांबलेसुद्धा. मग सासूबाई बोलल्या, "सुनेचं बाळंतपण झाल्याशिवाय मी कुठी जात नाही."

"आई, तिथे असं नाहीये." मी म्हणाले.

"नसू दे. आता तुझी पाळी. बोल."

मालकिणीला तिथे वाक्यच नव्हतं. ती उशीला टेकून नुसती म्हातारीकडे बघत होती. मी म्हणाले, "राहा ना."