खोल पाण्यातली ट्राउट आणि काकांचा अर्धा कप

"बोट विकायला काढलीय," असं विनायककाकांनी रविवारच्या जेवणात अगदी सहज सांगितलं आणि पुन्हा आमटी वाढून घेतली. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या मंगळवारी टॅकोमाहून कोणीतरी ती बघायला येणार होतं.

विनायककाका म्हणजे आमच्या बेलव्ह्यूतल्या मराठी मंडळींचे ज्येष्ठ काका. मिरजेत डॉक्टर झाले, तरुणपणीच इकडे आले, आयुष्यभर ऑपरेशनं केली आणि सुट्टी मिळेल तेव्हा खोल जलाशयांत ट्राउट मासे पकडले. दोनेक वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. याविषयी आमच्यात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. फक्त काकांना चहा द्यायचा तो अर्धा कप, म्हणजे सांडत नाही, हे सगळ्या घरांत न ठरवता ठरून गेलं होतं. काळजी घ्यायची आपली ही खास पद्धत!

"विकताय कशाला काका? यार, इतकी मस्त बोट!" निखिल म्हणाला. निखिल माझा नवरा, नागपूरचा, मनात येईल ते बोलून मोकळा होणारा.

"जिगिंगमध्ये सगळा खेळ हाताचा असतो रे. मासा चावलेला कळायला हवा. मागच्या सीझनला मला एकही चावा कळला नाही."

काकू ताटाकडे बघत म्हणाल्या, "एकदा या दोघांना घेऊन जाऊन तर या."

काकांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. शनिवारी निघू. चावा कळला तर बोट राहील. नाही कळला तर मंगळवारी देऊन टाकायची."



शनिवारी सकाळी काकांच्या ट्रकमागे बोट जोडून आय-९० हायवेने पूर्वेला निघालो. तुम्ही जाणार असाल तर फिशिंग लायसन्स आधी ऑनलाइन काढा. एक-दोन दिवसांचंही मिळतं. आणि प्रत्येक तळ्याचे नियम वेगळे असतात, ते वाचायचा कंटाळा करू नका. स्नोक्वाल्मी घाटात धुकं आणि भुरभुर होती, पलीकडे उतरल्यावर लख्ख ऊन. क्ली एलमला थांबून बेकरीतले दालचिनीचे रोल खाल्ले, पण खरी भिस्त काकूंच्या दशम्यांवर आणि लसणीच्या चटणीवर होती. जलाशयाचं नाव लिहीत नाही. काकांनी शपथ घातलीय, आणि मासेमारी करणाऱ्यांना जागेच्या बाबतीत विनोद कळत नाही.

चहूकडे पाइनची झाडं, एका टोकाला धरणाची भिंत आणि मधे गडद निळं, स्वस्थ पाणी. मला वाटलं होतं, गळ टाकून गप्पा मारत बसायचं. कसलं काय! इथली लेक ट्राउट तळाशी राहते, आणि तळ म्हणजे सहा-सात मजली इमारत बुडेल इतका खोल. बोटीवरच्या फिशफाइंडरच्या पडद्यावर मासे पिवळ्या कमानींसारखे दिसतात. त्यांच्या बरोबर डोक्यावर बोट थांबवायची आणि गळाच्या दोरीला, म्हणजे लाइनला, बांधलेलं मऊ प्लास्टिकचं आमिष सरळ खाली सोडायचं. आमचं पांढरं, नळीसारखं, मागे झिरमिळ्या असलेलं होतं. थेट बाळ माकूळ. त्याच्या पोटात शिशाचा गोळा आणि गळ असतो. तळाला टेकलं की रॉडने हळूच उचलायचं आणि पडू द्यायचं. ही उचल-सोड म्हणजे जिगिंग.

"मासा बहुतेक वेळा आमिष पडतानाच धरतो," काकांनी मला शिकवलं. "हाताला बारीकशी टिचकी लागते. कधी तीही नाही. पडणारी लाइन मधेच सैल पडते, बस. हाताला कळो न कळो, लाइनवरची नजर काढायची नाही."

दुपारभर उचल-सोड चालली. काकांचा हात थरथरत होता, रॉडचं टोक थरथरत होतं, आणि मी समोरच्या डोंगराचं जरा जास्तच कौतुक करत होते. मग निखिलच्या रॉडला मासा लागला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली.

"काका, जरा हा धरा ना. माझा फोन वाजतोय."

काकांनी रॉड घेतला, मासा वर आणला. छोटाच होता. हलक्या हाताने गळ काढून त्याला पाण्यात सोडलं आणि म्हणाले, "इथे फोनला रेंज नाही, निखिल."

निखिलचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार. मोटेलवर पोचेपर्यंत काका हवापाण्याविषयी बोलत राहिले.

रविवारी सकाळी पाणी आरशासारखं होतं. गारठा मात्र चांगलाच, जूनमध्येही जाडं जॅकेट न्याच. थर्मासमधून मी चहा ओतला आणि सवयीने काकांचा कप अर्धा भरून पुढे केला. त्यांनी तो घेतलाच नाही.

"पूर्ण भर."

"काका, बोट हलतेय म्हणून..."

"बोट स्थिर आहे. हात हलतो माझा, मला माहितेय. दोन वर्षं सगळ्यांच्या घरी अर्धा चहा पितोय. मला वाटायचं, कुणीतरी एकदा विचारेल, काका, हाताला काय झालंय? पण कुणी विचारेना. कप तेवढे अर्धे येत राहिले. आणि काल तर तुम्ही मासाही तसाच दिलात."

मला रडू आलं. लपवलं नाही. "काका, हाताला काय झालंय?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. नस, औषध, पुढे काय होऊ शकतं, सगळं, पेशंटला समजावावं तसं सावकाश. निखिल ऐकत होता, मधेमधे विचारत होता. मी कप काठोकाठ भरला. थोडा चहा त्यांच्या जॅकेटवर सांडला, बाकीचा ते प्यायले.

मग त्यांनी आमिष खाली सोडलं. हात तसाच थरथरत होता, पण या वेळी मी डोंगराकडे पाहिलं नाही. काका लाइनकडे बघत होते, डोळे बारीक करून. एक उचल, दुसरी उचल. पडणारी लाइन मधेच सैल झाल्यासारखी मला वाटली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी रॉड सर्रकन वर खेचला. रॉड कमानीसारखा वाकला.

"नेट!" ते ओरडले. आयुष्यात कधी नर्सवर ओरडले नसतील इतक्या जोरात. मी मासा उचलायची जाळी पुढे केली.

हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी ट्राउट होती, राखाडी अंगावर फिकट ठिपके. काका धापा टाकत खाली बसले.

"हाताला काही कळलं नाही," ते म्हणाले. "पण मला कळलं."

संध्याकाळी बेलव्ह्यूला पोचलो. ट्राउट पकडायला एवढा खटाटोप का करायचा, असं कुणी विचारलं तर चवीचं उत्तर देता येईल. काकूंनी हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तुकडे तळले, आणि आम्ही ते बोटं चाटत खाल्ले. पण माझ्याजवळ राहिली ती चव नाही, सकाळची ती सैल पडलेली लाइन. मला दिसली होती, आणि मी बोलायच्या आत त्यांनाही दिसली होती.

जेवणानंतर काकू चहा घेऊन आल्या. काकांचा कप अर्धा.

"पूर्ण," काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी कप भरला. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला, थोडा टेबलावर सांडला, आणि एक घोट घेऊन म्हणाले, "टॅकोमाच्या माणसाला उद्या फोन करायला हवा. बोट मिळणार नाही म्हणून."

हल्ली आमच्याकडेही काकांना भरलेला कप देतो. पुसायचं फडकं शेजारी ठेवते, पण ते मी उचलत नाही. काका उचलतात.